तुम्ही विचारलंत : पोळी अर्धीच का राहते?

खाण्याच्या आजारांविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रं इथे घेतली आहेत. पत्रं लांब होती, त्यामुळे थोडक्यात दिली आहेत. उत्तरं मानसोपचार, बालआरोग्य आणि आहारशास्त्र अशा तिन्ही बाजूंचा विचार करून लिहिली आहेत.

प्रश्न : मुलगी पंधरा वर्षांची, दहावीत आहे. दिवाळीपासून तिने तेल-तूप, साखर बंद केली. तेव्हा आम्हाला बरंच वाटलं. आता अर्धी पोळी आणि काकडीवर भागवते. स्वतः खात नाही, पण सगळ्यांसाठी केक करते आणि भावाने पूर्ण संपवला का, हे बघत उभी राहते. चार महिने पाळी नाही. पोट गच्च वाटतं म्हणते. पित्ताच्या, जंताच्या गोळ्या देऊन झाल्या. रक्ताचे रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत. हा परीक्षेचा ताण आहे की आणखी काही?
– एक आई, सांगली

उत्तर : तुमच्या पत्रातलं केकचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. ताणामुळे जेवण तुटलेलं मूल सहसा अन्नाचं नावच काढत नाही. तुमची मुलगी मात्र दिवसभर अन्नाचाच विचार करते आहे आणि तरी खात नाही. हा ॲनोरेक्सिया नर्व्होसा, म्हणजे खाणं तोडत नेण्याचा मानसिक आजार, असण्याची दाट शक्यता आहे. या शब्दाचा अर्थ 'भूक नसणं' असा असला, तरी या मुलींची भूक मेलेली नसते. ती रोज, तासातासाला दाबलेली असते.

१९४४-४५ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने जवळजवळ निम्म्या आहारावर ठेवलं होतं. युद्धात उपासमार झालेल्यांना पुन्हा खायला कसं घालायचं, हे समजून घ्यायचं होतं. हळूहळू ही माणसं पाककृतींची पुस्तकं वाचायला लागली, एका ताटावर तास-तास रेंगाळायला लागली, चिडकी झाली, मित्रांपासून तुटली. उन्हाळ्यातही त्यांना थंडी वाजायची. यातल्या कुणीही बारीक होण्यासाठी जेवण सोडलेलं नव्हतं. म्हणजे आपण ज्याला मुलीचा हट्ट किंवा नखरे म्हणतो, त्यातलं पुष्कळसं उपाशी मेंदू करत असतो. म्हणून या आजारात अन्न हेच पहिलं औषध. समुपदेशन त्याच्या जोडीने चालतं, त्याच्याऐवजी नाही.

"मला जाड व्हायचं नाही" असं ती म्हणत नसेल, तरी शंका सोडू नका. आपल्याकडच्या अनेक मुली हे बोलत नाहीत. "गॅस होतो", "भूकच नाही", "गुरुवार धरलाय" अशी कारणं पुढे येतात. पोट गच्च वाटणं खोटंही नसतं. खाणं फार कमी झालं की जठर रिकामं व्हायला वेळ लागतो आणि चार घासांतच तडस लागते. नियमित खाणं सुरू झालं की काही आठवड्यांत हे कमी होतं. पित्ताच्या गोळीने ते जाणार नाही.

घरात वजनापेक्षा वागणं बघा, कारण ते आधी बदलतं. पदार्थ एकेक करून बाद होत जातात : आधी तळलेलं, मग गोड, मग भात, मग पोळीला लावलेलं तेलाचं बोट. 'मैत्रिणीकडे खाऊन आले' हे वाक्य वाढतं. पोळीचे नखाएवढे तुकडे होतात. पंगतीत बसणं टळतं. उकाड्यातही अंगात स्वेटर असतो, अभ्यास येरझाऱ्या घालत चालतो. हात-पाय गार आणि निळसर, केस गळणं, हातांवर-पाठीवर बारीक लव, बद्धकोष्ठ ही शरीराची लक्षणं मागाहून येतात. वाढत्या वयात वजन घटायलाच हवं असंही नाही. ते वर्षभर जागच्या जागी राहिलं, तरी वाढ खुंटली असं समजावं. शाळेतल्या आणि लसीकरणाच्या जुन्या नोंदी काढून बालरोगतज्ज्ञांना वाढीच्या तक्त्यावर मांडायला सांगा. मुलीची नेहमीची रेघ सुटली का, ते लगेच दिसतं. आधी गुटगुटीत असलेलं मूल झपाट्याने उतरलं, तर धोका तितकाच असतो. फक्त त्याचं कौतुक होत राहतं आणि आजार उशिरा कळतो.

रिपोर्ट नॉर्मल आल्याने निश्चिंत होऊ नका. शरीर स्नायू आणि हाडं झिजवून रक्तातली पातळी फार उशिरापर्यंत सांभाळून ठेवतं. नाडी त्याच्या आधी बोलते. मुलीला पाच मिनिटं शांत पडू द्या आणि मनगटावर पूर्ण ६० सेकंद ठोके मोजा. मग दोन मिनिटं उभं करून पुन्हा मोजा. जागेपणी ठोके ५० च्या खाली असतील, उभं राहिल्यावर ३० पेक्षा जास्त वाढत असतील, चक्कर येत असेल, छातीत दुखत असेल किंवा तिने पाणी पिणंही सोडलं असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या. खेळाडूंची नाडी मुळात मंद असते हे खरं, पण खाणं तुटलेल्या मुलीत ते कारण धरून घरी बसू नका.

बाकी काही नसलं, तरी याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघांनाही दाखवा. "जेवत नाही" एवढंच सांगू नका. "दिवाळीपासून हे हे पदार्थ सोडले, पाळी चार महिने नाही, उभी राहिली की अंधारी येते" असं तारखांसकट लिहून न्या. ईसीजी, पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम, साखर या तपासण्या हव्यात. थायरॉइड, क्षय आणि गव्हाची ॲलर्जी म्हणतात तो सिलिॲक आजार यांचीही शंका फिटायला हवी. गोळ्या देऊन पाळी आणली म्हणजे मुलगी बरी झाली असं होत नाही. त्या गोळ्यांनी आलेला रक्तस्राव हाडांची झीज थांबवत नाही.

आणखी एक. अशक्तपणा दिसला की जवळच्या दवाखान्यात ग्लुकोजचं सलाइन लावून घ्यायची आपल्याकडे पद्धत आहे. बरेच दिवस जवळजवळ उपाशी असलेल्या शरीरात एकदम साखर गेली, की रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने पेशींत ओढलं जातं. त्यातून हृदय आणि श्वास दोन्ही अडचणीत येऊ शकतात. म्हणून सलाइन परस्पर लावू नका. घरीही पहिल्याच दिवशी ताट भरून भरवू नका. किती आणि कसं वाढवत न्यायचं हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या. याचा अर्थ थोडंथोडं खायला घालत रेंगाळायचं असाही नाही. खाण्यात वाढ दर दोन-तीन दिवसांनी व्हायलाच हवी.

प्रश्न : आमच्या मुलीचं निदान झालं आहे. डॉक्टर म्हणाले, रुग्णालयात ठेवायची गरज नाही, तुम्ही दोघांनी घरी खायला घाला. पण एका जेवणाला दीड तास जातो. ती रडते, ताट सरकवते, मग आम्ही दोघंच एकमेकांशी भांडतो. हे कसं जमवायचं?
– एक वडील, नाशिक

उत्तर : डॉक्टरांनी तुम्हाला योग्य रस्ता सांगितला आहे. कुटुंबाधारित उपचारांची ही पद्धत १९८० च्या दशकात लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात आकाराला आली. किशोरवयीन मुलांसाठी आज तिलाच पहिली पसंती दिली जाते. तिचं सूत्र असं : काय, किती आणि कधी खायचं हे काही महिने आई-वडील ठरवतात. मूल बरं होत गेलं की तो अधिकार एकेक करून त्याला परत मिळतो.

दिवसाला तीन जेवणं आणि दोन-तीन वेळा मधलं खाणं, दोन खाण्यांमध्ये तीन ते चार तास. ताट तुम्ही वाढायचं. ती स्वयंपाकघरात असताना नको, कारण तेल किती, तूप किती यावरून तिथेच वाद सुरू होतो. जेवणाला अर्धा तास, मधल्या खाण्याला पंधरा ते वीस मिनिटं. वेळ संपली तर ताट उचलून आदळू नका. "आता दूध घे, त्याने राहिलेलं भरून निघेल" असं म्हणून पुढे जा. जेवणानंतर तासभर कुणीतरी सोबत बसा. पत्ते खेळा, मालिका बघा. त्या तासात तिच्या डोक्यात सगळ्यात जास्त गलका असतो.

कमी आकारमानात जास्त ताकद जाईल असं वाढा, म्हणजे पोट फुगल्याची तक्रार कमी होईल. वरण-भातावर दोन चमचे साजूक तूप, भाजीत दाण्याचं कूट आणि ओलं खोबरं, साय न काढलेलं दूध, थालीपिठाबरोबर लोणी, मधल्या वेळी शेंगदाण्याचा किंवा राजगिऱ्याचा लाडू आणि केळं. सॅलड, ताक, सूप यांनी पोट भरतं पण काम होत नाही, त्यांना सध्या ताटात जागा कमी द्या. चोरून काही घालू नका. तिने विचारलं तर "हो, तूप घातलंय, तुला त्याची गरज आहे" असं सरळ सांगा. एकदा लपवलेलं सापडलं, की पुढच्या प्रत्येक वाटीवर संशय बसतो.

आता भांडणाविषयी. आजाराला आई आणि वडील यांच्यामधली फट लगेच सापडते. एक जण म्हणतो "एक पोळी पुरे", दुसरा म्हणतो "दोन", आणि मुलगी अर्धीवर उठते. म्हणून मेन्यू आदल्या रात्री दोघांनी ठरवायचा आणि ताटावर बसल्यावर बदलायचा नाही. ताटावर बोलायचं ते इतकंच : "अवघड जातंय, दिसतंय मला. पुढचा घास घे." पोषणावर व्याख्यान नको, "गरिबांना मिळत नाही" नको, आईची शपथ नको. ती जे ओरडते त्यातलं बरंचसं भीतीतून येतं. तूप घातलेला भात तिच्यासाठी उंच कड्याच्या टोकासारखा आहे. तिथे तुमचा आवाज शांत राहिला, तर तिला धरायला काहीतरी मिळतं.

नातेवाइकांना आधीच फोन करून ठेवा. लग्नाकार्यात कुणीतरी प्रेमाने "काय गं, तब्येत सुधारली तुझी!" म्हणतं आणि महिनाभराची मेहनत त्या एका वाक्यात अडकते. मराठीत तब्येत सुधारणं म्हणजे अंग भरणं, आणि तिला त्यातलं नेमकं तेच ऐकू येतं. "चेहरा उतरलाय", "आता छान दिसतेस" यातलंही काही नको. शरीरावर बोलायचंच नाही.

वजन दर आठवड्याला दवाखान्यातच, एकाच काट्यावर घ्या. आठवड्याला साधारण अर्धा किलो वाढ असेल, तर घरचे उपचार चालले आहेत असं समजा. महिनाभरात वाढच नसेल, तर आणखी थोडे दिवस बघू असं न म्हणता डॉक्टरांशी पुढची पायरी ठरवा. घरातला काटा तोपर्यंत माळ्यावर टाका.

प्रश्न : मी १९ वर्षांचा, पुण्यात इंजिनिअरिंगला. जिममध्ये 'कटिंग' (चरबी उतरवण्यासाठी खाणं कमी करणं) सुरू केलं तेव्हापासून दिवसभर जवळजवळ काही खात नाही. रात्री ताबा सुटतो, दोन-तीन माणसांचं जेवण मागवून खातो आणि मग उलटी करतो. आठवड्यातून तीन-चार वेळा. गाल सुजल्यासारखे वाटतात, दात शिवशिवतात. हे तर मुलींना होतं ना? घरी कळू द्यायचं नाही.
– एक विद्यार्थी

उत्तर : मुलांना होतं, तुला वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त. मुलगे सांगत नाहीत आणि बऱ्याचदा त्यांना कुणी विचारतही नाही. ताबा सुटून खाणं आणि नंतर ते 'भरून काढणं' हे आठवड्यातून एकदा, सलग तीन महिने चाललं, की त्याला बुलिमिया नर्व्होसा म्हणतात. १९७९ साली लंडनच्या जेराल्ड रसेल या मानसोपचारतज्ज्ञाने या आजाराला हे नाव दिलं. यात वजन बहुधा नेहमीसारखंच असतं, म्हणून शेजारच्या कॉटवरच्या मित्रालाही पत्ता लागत नाही. गाल सुजतात ते लाळग्रंथींमुळे, दात शिवशिवतात ते जठरातल्या आम्लाने.

सगळ्यात मोठा धोका पोटॅशियमचा. उलट्यांनी ते उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात, वरून माणूस ठणठणीत दिसत असताना. या आठवड्यात पोटॅशियम आणि ईसीजी करून घे. छातीत धडधड, स्नायूंत पेटके, हातापायांतली ताकद गेल्यासारखं वाटणं, चक्कर येऊन पडणं किंवा उलटीत रक्त दिसलं, तर थेट आपत्कालीन विभागात जा. उलटी झाली तर लगेच दात घासू नकोस. आम्लाने मऊ पडलेला थर ब्रशने निघतो. पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घालून चूळ भर आणि ब्रश तासाभराने कर.

रात्रीचा प्रसंग रात्री सुरू होत नाही, तो सकाळच्या रिकाम्या पोटात सुरू होतो. इच्छाशक्ती कमी पडली म्हणून ताबा सुटतो असं नाही, चौदा तास उपाशी ठेवलेलं शरीर हिशेब वसूल करतं. उलटीने सगळं बाहेर पडतही नाही, पण 'नंतर काढता येईल' या भरवशावर पुढचा प्रसंग मोठा होतो. म्हणून उपचाराची पहिली पायरी नियमित खाणं. आठला पोहे किंवा अंडी-पोळी, अकराला केळं आणि दाणे, एकला मेसचं पूर्ण जेवण भातासकट, साडेचारला दूध-सँडविच, साडेआठला जेवण. चार तासांपेक्षा मोठी फट नको. आदल्या रात्री प्रसंग झाला असला, तरी सकाळचे पोहे चुकवायचे नाहीत. सगळ्यात अवघड हेच आहे, आणि सगळ्यात उपयोगीही हेच. रात्रीच्या जेवणानंतर तासभर खोलीत एकटा राहू नकोस.

यासोबत वही ठेव : वेळ, काय खाल्लं, कुठे, त्याआधी काय घडलं. कॅलरी लिहायच्या नाहीत. यावर सगळ्यात खात्रीचा उपचार म्हणजे संज्ञानात्मक वर्तन उपचार (सीबीटी), म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारं समुपदेशन, साधारण २० बैठका, पाच महिने. गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञ फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध देतात, त्याचा डोस या आजारात नैराश्यापेक्षा जास्त, ६० मिलिग्रॅमपर्यंत असतो. सिगारेट सोडण्यासाठी कुणी बुप्रोपियॉन सुचवलं, तर हा आजार आवर्जून सांग. यात त्या औषधाने झटके येण्याचा धोका वाढतो.

घरी कळण्याची भीती समजते. तू सज्ञान आहेस. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तुझ्या उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क तुला दिला आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभागाची ओपीडी असते. बोलायला सुरुवात कुठून करायची सुचत नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं, फोनला पैसे पडत नाहीत.

प्रश्न : वय ४२, नोकरी करते. सकाळी चहावर निघते, डबा अर्धा खाते, रात्री आठला घरी. सगळे झोपले की ओट्यापाशी उभी राहून फरसाणाचा डबा, उरलेला भात, मुलांची बिस्किटं, जे हाताला लागेल ते खाते. उलटी वगैरे काही नाही. वजन वाढतंय. चार डाएट झाले. माझ्यात संयम नाही का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : संयम तुमच्यात भरपूर आहे. सकाळी सातपासून रात्री आठपर्यंत एक चहा आणि अर्ध्या डब्यावर माणूस संयमाशिवाय राहू शकत नाही. दोनेक तासांत इतरांपेक्षा बरंच जास्त खाणं, ते थांबवता न येणं, भूक नसताना भराभर, लपून खाणं आणि मग स्वतःची किळस वाटणं, हे आठवड्यातून एकदा तरी तीन महिने चालू असेल, तर तो बिंज ईटिंग डिसऑर्डर. २०१३ साली मानसोपचाराच्या निदानसूचीत त्याला स्वतंत्र स्थान मिळालं. त्याआधी अशा बायकांच्या हाती डॉक्टरही फक्त डाएटचा कागद देत.

पाचवा डाएट सुरू करू नका. आधी हे प्रसंग थांबवायचे, वजनाचं नंतर. डबा दोन कप्प्यांचा करा : अकराला एक, दीडला दुसरा. परतीच्या लोकलमध्ये चढण्याआधी फुटाणे-गूळ किंवा केळं खा. रात्री घरच्यांबरोबर बसून पूर्ण जेवा, भात वगळू नका. ओट्यापाशी पावलं वळली, तर ताटलीत वाढून घ्या, खाली बसा, दिवा लावा. अंधारात उभ्याने खाल्लेलं किती झालं ते कळत नाही. त्या वेळी मनात काय होतं, तेही वहीत लिहा. बऱ्याच जणींच्या वहीत भुकेइतकंच 'दिवसातला पहिला माझा वेळ' हे कारण निघतं. मग तो वेळ दुसरीकडे कुठे काढायचा, यावर काम होतं. रक्तदाब, साखर, थायरॉइड तपासून घ्या, आणि डॉक्टरांना वजनाआधी हे प्रसंग सांगा.

प्रश्न : कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. वर्गात ऐंशी मुलं. शंका आली तर काय विचारायचं?
– एक शिक्षिका, नागपूर

उत्तर : लंडनमध्ये तयार झालेली आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेली पाच प्रश्नांची चाचणी जगभर वापरतात. पोट फार भरल्यासारखं वाटतं म्हणून उलटी काढतेस का? किती खातेस यावरचा ताबा गेला अशी काळजी वाटते का? तीन महिन्यांत सहा किलोहून जास्त वजन उतरलं का? इतर बारीक म्हणतात तरी तुला जाड वाटतं का? अन्नाने तुझ्या आयुष्याचा ताबा घेतलाय असं वाटतं का? दोन 'हो' आले, तर तपासणीला पाठवा. त्याने निदान होत नाही, फक्त पाठवायचं की नाही ते कळतं. हे एकटीला, दार लोटून विचारा. आणि वर्गात सगळ्यांसमोर वजन करून ते मोठ्याने वाचायची प्रथा असेल, तर ती बंद करा.

प्रश्न : नात आठ महिन्यांत खूप सावरली. नवरात्रात आमच्याकडे सगळेच नऊ दिवस उपवास धरतात. ती पण धरते म्हणते. देवाच्या कामात नाही कसं म्हणू?
– एक आजी, कोल्हापूर

उत्तर : आजी, यंदा नाही म्हणा, आणि ते तुम्हीच म्हणा. तुमच्या तोंडून आलेलं 'नाही' तिला सगळ्यात हलकं वाटेल. आजारी माणसाला, लेकराला, गरोदर बाईला उपवासाची सक्ती आपल्याकडे कधीच नव्हती. तिच्या बाबतीत उपवास म्हणजे जेवण चुकवायला मिळालेली परवानगी. पहिले दोन दिवस भगर आणि दाण्याची आमटी खाईल, तिसऱ्या दिवशी फक्त ताकावर येईल, आणि आजाराला जुनी वाट आठवेल. पाळी नियमित येऊन, वजन टिकून किमान वर्ष होऊ द्या. मग डॉक्टरांना विचारून ठरवा.

घटाची रोजची माळ गुंफायचं काम तिला द्या, आरतीचं ताट तिच्या हातात द्या. फराळाच्या वेळी "नऊ दिवसांत दोन किलो उतरले" अशा गप्पा घरात नकोत. आणि तिच्या पुढ्यात वरण-भात वाढला असेल, तेव्हा घरातल्या कुणीतरी एकाने उपवास न धरता तिच्या शेजारी वरण-भाताचंच ताट घेऊन बसावं.